पाणी उतारावर आहे

१६ ऑगस्ट

काटा निघत नव्हता. चिमटा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा टोक चिमट्यात सापडलं तेव्हा अंकुशनं तोंड फिरवलं.

"ओढ ना आता. कायची वाट पाहून राहिली?"

"हात हलवू नका."

"मी कुठं हलवून राहिलो? तुहाच हात हलून राहिला."

तांदळाच्या दाण्याएवढं टोक निघालं. मागून थोडं रक्त आलं. शिंगाडा माशाच्या पंखाच्या मुळाशी करवतीसारखा काटा असतो आणि पाण्याबाहेर काढलं की मासा तो ताठ करतो. हे आम्हा दोघांना आजच कळलं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी काल संपली. आज पहाटेच अंकुश गुलाबभाऊंसोबत नदीवर गेला.

मार्चमध्ये बोरगावच्या कंपनीतलं त्याचं खातं बंद झालं. अकरा वर्षं एकाच मशीनवर होता. चार महिने घरात बसला, पंखा खोलून परत बसवला, मग गुलाबभाऊंच्या अंगणात जाऊन जाळं विणायला शिकला. गुलाबभाऊ ढीवर आहेत, पन्नाशीचे, कन्हान नदीवरच वाढलेले. अंकुशच्या घरात कुणी कधी मासे धरले नाहीत. त्याला धड पोहताही येत नाही. मी तसं म्हटलं.

"मासे धराले जातो मी. पोहाले नाही."

तोंडावर मी नवऱ्याला तुम्ही म्हणते. इथं तो लिहिते. इथं कुणी वाचत नाही.

मासा राखेनं चोळून धुतला, त्याशिवाय बुळबुळ जात नाही. रस्सा बरा झाला. तो डाव्या हातानं जेवला.

१८ ऑगस्ट

दिवसभर रिपरिप. नदी १.८० मीटर.

माझं काम आकडा वाचायचं. रामाकोन्याच्या पुलाखाली, नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर सिमेंटचे खांब आहेत, त्यांवर पांढऱ्या-काळ्या खुणा. त्याला आम्ही पट्टी म्हणतो. पावसाळ्यात दर तासाला आकडा वाचायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा आणि काठावरच्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. दिवसा मी, रात्री अनिल. माझा हा तिसरा पावसाळा.

आज दुपारी गुलाबभाऊ आणि उषाबाई केबिनमध्ये चहाला थांबले. मी विचारलं, चढत्या पाण्यातच का जाता? इतर दिवस नाहीत का?

"पाणी चढाले लागलं, गढूळ झालं, का मासा डोहातून बाहेर निंगते," गुलाबभाऊ म्हणाले. "मिशावाल्याले डोये लागत नाही. शिंगाडा काय, शिवडा काय, मिशीनंच पाह्यते थो. थेच दोन तास. मंग लाकडं वाहून याले लागते. मंग नदीत आपलं काई काम नाही."

"आणि निघायचं कधी, ते कसं कळतं?"

"पाणी उतारावर आलं का निंगाचं. हातातला मासा टाकून निंगाचं."

पूल नव्हता तेव्हा बैलगाड्या ज्या उथळ, दगडी जागेतून नदी ओलांडत, तो उतार. पट्टीपासून शंभर पावलांवर आहे. उताराच्या मधून दगडांची एक ओळ वळण घेत वर जाते. तिच्या टोकाला, नदीच्या मधोमध, एक सपाट खडक आहे. त्याला चौथरा म्हणतात. वर जांभळाचं एक झुडूप. पलीकडे डोह. चौथऱ्यावर जायची आणि यायची वाट उतारावरूनच. पण तिथं बसलेल्याला उतार दिसत नाही, मध्ये वळण आणि झाडी येते. म्हणून आजवर उषाबाई पुलावर उभ्या राहत आणि पाणी उतारावर आलं की ओरडत. त्यांचा आवाज पार डोहापर्यंत जातो म्हणे.

"आता तुहा मेसेज येते," उषाबाई म्हणाल्या. "अंकुशभाऊ वाचून दाखवते यायले. माह्या पायाले आराम झाला वो बाई."

मला बरं वाटलं. पट्टीवर २.८० झालं की पाणी उतारावर येतं. अनिल म्हणतो, ४.६० झालं की चौथरा बुडतो. दोन्ही आकडे रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवले.

१९ ऑगस्ट

उषाबाई बाजारात भेटल्या. अंकुश माझा मेसेज वाचण्याआधी खाकरतो म्हणे. "आईका, आईका, सरकारी हुकूम आला," असं म्हणून उभा राहतो आणि रेडिओसारखा वाचतो. मग फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवतो. दर तासाला.

उषाबाई हसत होत्या. मी हसले नाही.

घरी मी विचारलं, माझ्या कामाची थट्टा करता का नदीवर?

"कोन सांगतलं?"

"करता की नाही?"

"तुही पट्टी लय भारी आहे वो," तो म्हणाला. "पन पट्टीले मासे दिसते काय?"

अकरा वर्षं तो कामावर जायचा, मी शेवटची दोनच वर्षं, तीही पावसाळ्यातले चार महिने. आता मी जाते. त्याला ते सहन होत नाही, एवढंच. 

२० ऑगस्ट

साहेबांचा फोन. नवीन आदेश. ग्रुपवर आकडे टाकायचे नाहीत. लोकांना कळत नाहीत आणि मग कुणी चार पॉइंटचं चौदा करून पसरवतं. आकडे फक्त ऑफिसला. ग्रुपवर एक वाक्य, हिंदीत, कारण वरची गावं हिंदी बोलणारी आहेत.

"सिर्फ स्थिति लिखिए मैडम. एक लाइन. शुद्ध."

मी पाठवलं: पानी स्थिर है।

साहेबांनी लगेच उत्तर दिलं: भाषा अच्छी है आपकी।

बी.ए.ला माझं मराठी होतं. हिंदी शाळेपासून. तीन वर्षं मी आकडे पाठवत होते, त्यात माझं असं काही नव्हतं.

२१ ऑगस्ट

"आकडे कुठं गेले?" अंकुशनं जेवताना विचारलं.

"साहेबांनी बंद केले."

"मले आकडा पाह्यजे."

"कशाला? पट्टीला मासे दिसत नाहीत ना?"

तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. मग म्हणाला, "दोन पॉइंट ऐंशी झालं का कळते. आकडा दोन भाषेत नसते."

"वाक्यातही कळेल. मी लिहिलेलं वाक्य चुकत नाही."

"नाही चुकत?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "मंग तुह्या वाक्यावर चालतो."

हे त्यानं चिडून म्हटलं की कसं, मला कळलं नाही. ताट त्यानंच धुतलं.

२२ ऑगस्ट

पोळा. पाऊस नाही. १.९०.

सकाळी थोडं पाणी चढलं तेवढ्यात चौथऱ्यावर त्यांचा एक शिवडा निसटला. पुलाखालून अंकुश गळ दाखवायला केबिनमध्ये आला. बोटाएवढा जाड गळ सरळ झाला होता. कोंबडीचं आतडं लावलं होतं, तेही नव्हतं.

"एवढं तोंड," त्यानं दोन्ही हात जोडून उघडून दाखवलं. "गुलाबभाऊ म्हणे, दहा किलोच्या खाली नाही. माह्या हातात होता, सुचे. दोर असा थरथरून राहिला होता."

मार्चपासून त्याला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. हाताची सूज उतरलेली नाही. परत जाणार म्हणतो. वर पाऊस झाला तर उद्याच.

२३ ऑगस्ट

८.०० १.९५. वरच्या पट्टीवरून फोन आला, तिकडे पहाटेपासून जोरात आहे. इथं ऊन.

९.०० २.००. पानी स्थिर है।

अंकुश आणि गुलाबभाऊ साडेनऊला केबिनवरून गेले. दोर, गळांचा डबा, आतड्याची पिशवी. मोटरसायकल पुलाखाली लावली.

"वर पाऊस आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तं चाललो," अंकुश म्हणाला. "तू वाक्य पाठव."

गुलाबभाऊ पाण्यात हात घालून बघत होते. "येऊन राहिलं," ते म्हणाले. "वास बदलला."

१०.०० २.३०. पाणी चहासारखं झालं. पानी बढ़ रहा है।

११.०० २.८०. उतारावरचे दगड झाकले गेले. नेहमी तेच ते वाक्य लिहून कंटाळा आला होता. आज नेमकं काहीतरी सांगण्यासारखं होतं. दोन वेळा खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं: पानी उतार पर है।

छोटं आणि पुरेसं. चौथऱ्यावर कळायला यापेक्षा जास्त शब्द लागत नाहीत.

वरच्या गावच्या सरपंचांनी अंगठा दाखवला. आणखी एकानं हात जोडले: बड़ी राहत मिली मैडम। राहत कशाची, कळलं नाही.

१२.०० ३.४५. एका तासात पासष्ट. असं मी कधी वाचलं नव्हतं. पानी तेज़ी से बढ़ रहा है। लाकडं येत आहेत. एक आख्खं पळसाचं झाड मुळांसकट गेलं.

ते अकरालाच निघाले असतील. पण केबिनवरून कुणी गेलं नाही. अंकुशला फोन केला. लागत नाही. काठानं वरून गेले असतील, गुलाबभाऊंच्या घरी.

१२.१० मोटरसायकल पुलाखाली आहे. चाकं पाण्यात आहेत.

१२.२५ गुलाबभाऊ खालच्या पायऱ्यांवरून वर आले. अंगावर सदरा नव्हता. गुडघा फुटलेला. पायरीवर बसले, खोकले, पाणी ओकले. मी पाठ चोळली.

"अंकुशभाऊ चौथऱ्यावर हाये, बाई."

मी म्हटलं, अकराला मेसेज टाकला होता.

"आला ना. उभं राहून वाचला त्यानं."

"मग?"

"पानी उतार पर है, असं वाचलं. मी म्हटलं, उतारावर आलं, सोड दोर, चाल. थो म्हणे, नाही गा भाऊ, हे हिंदी आहे. हिंदीत उतार पर म्हणजे पाणी उतरून राहिलं. धा वाजता चढून राहिलं होतं, आता उतरून राहिलं. मी म्हटलं, बावा, उतार म्हणजे उतार. थो म्हणे, तुम्ही शिकले नाही भाऊ. माही बायको बी.ए. आहे. चूक लिवत नाही थे."

ते परत खोकले.

"मी म्हटलं, असंन मंग. शिकलेला मानूस आहे. अर्धा तास थांबलो. दोराले शिंगाडे लागून राहिले होते. मंग पाण्यावर फेस पाह्यला तं समजलं. खाली उतरलो तं दगडच नाही पायाखाली. मी पोहून पलीकडून दोर ओढाचा, थ्यानं कमरेले बांधून याचं, असं ठरलं. तं झाड आलं वाहून. दोर घेऊन गेलं हातातला."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तू काय लिवलं होतं?"

मी सांगितलं.

"मंग मीच बरोबर आयकलो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

१२.४० फोनमध्ये वाक्य परत वाचलं. मराठीत वाचलं की बरोबर आहे. हिंदीत वाचलं की पाणी ओसरतंय. मी हिंदी अक्षरं लिहिली आणि मनात आमचा उतार होता. चाळीस माणसांनी वाचलं. कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ते हिंदी वाटलं. एकट्या गुलाबभाऊंना वाचता येत नाही.

१.०० ३.९०. पोलिसांना फोन झाला. बोट पांढुर्ण्याला आहे, आज तिथं गोटमार, दगडफेकीची जत्रा, सगळा बंदोबस्त तिकडे. निघतो म्हणाले.

पुलावर गेले. चौथरा दिसतो. अंकुश उभा आहे. झुडपाला धरून. इतक्या लांबून त्याचा निळा शर्ट आणि काळं डोकं एवढंच दिसतं. मी हाक मारली. माझा आवाज पुलाच्या कठड्यापलीकडे गेला नाही. मग उषाबाई आल्या, पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले.

"अंकुशभाऊऽऽ! खाली बस! बस खालीऽऽ! गळाच्या दोरानं झुडपाले बांधून घे स्वताले!"

तो खाली बसला. त्याला ऐकू गेलं.

१.३० अनिल आला. झोपेतून उठून आला होता, शर्टाची बटणं वरखाली.

"वहिनी, पट्टी मी वाचतो. तुम्ही पुलावर जा."

"पट्टी मीच वाचीन."

"वहिनी."

"मीच वाचीन, भाऊ."

पुलावर उभं राहून मी काही करू शकत नाही. इथं निदान किती उरलं ते कळतं.

२.०० ४.२०. चौथरा बुडायला चाळीस उरले.

साहेबांचा फोन. पांढुर्ण्याहून बोलत होते, मागे गर्दीचा आवाज.

"ग्यारह बजे का मैसेज किसने लिखा?"

"मैंने, सर."

"वहाँ कौन फँसा है, पता है?"

"मेरे पति हैं, सर."

गर्दीचा आवाज लांब गेला, ते बाजूला झाले असावेत. मग हळू आवाजात म्हणाले, "वो मैसेज हटा दीजिए. अभी. बाद में देखेंगे."

मेसेजवर बोट दाबून धरलं. कुणी कुणी वाचलं त्याची यादी उघडली. सगळ्यात वर अंकुशचं नाव. ११.०१. मी पाठवून एक मिनिटही झालं नव्हतं. हटवलं असतं तर ती यादीही गेली असती. फोन खाली ठेवला.

३.०० ४.३५. बोट आली. आठ माणसं, नारंगी जॅकेटं. त्यांचा मुख्य पायऱ्यांवर उभा राहून पाणी बघत होता. लाकडांकडे बोट दाखवून त्यानं मान हलवली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मैडम, अभी डालेंगे तो आठ और फँसेंगे. पानी थोड़ा रुक जाए."

"किती कमी व्हायला पाहिजे?"

त्याला मराठी कळलं. "कम नहीं, बस बढ़ना बंद हो."

पुलावर माणसं जमली आहेत. काही जण फोननं चित्रण करत आहेत. उषाबाईंनी एकाचा फोन खाली पाडला. "तुह्या घरचं लग्न आहे काय रे?"

४.०० लाट येते तेव्हा ४.५५. लाट जाते तेव्हा ४.४०. मधला आकडा घ्यायचा असतो. मी ४.४० लिहिलं. मग खोडून ४.४७ लिहिलं.

खालचा आकडा लिहिल्यानं पाणी खाली राहत नाही. तरी हात तिकडेच गेला.

गुलाबभाऊंनी गुडघ्याला हळद लावून घेतली आणि परत पाण्यात जायला निघाले. बोटवाल्यांनी दोघांनी धरून बसवलं. ते म्हणाले, "मी सांगून राहिलो होतो त्याले. मी कायले आयकलं त्याचं?" मग रडले. मी पहिल्यांदा त्यांना असं पाहिलं. पाणी आणून दिलं. त्यांना सांगावंसं वाटलं की चूक तुमची नाही. ते मी सांगितलं नाही, कारण मग पुढचं वाक्यही बोलावं लागलं असतं.

५.०० ४.५०. वरच्या पट्टीवर फोन केला. तिकडे पाऊस थांबला दीड तास झाला. तिथलं पाणी इथं यायला तीन तास लागतात.

म्हणजे अजून दीड तास. उरले दहा.

६.०० ४.५४. पुलावर जाऊन आले. चौथरा आता दिसत नाही. अंकुश पाण्यावर बसल्यासारखा दिसतो. झुडपाची एक फांदी, तो आणि चारी बाजूंनी नदी. त्यानं डोकं गुडघ्यावर टेकलं आहे. उषाबाईंचा आवाज बसला, तरी दर पाच-दहा मिनिटांनी त्या त्याला हाक मारतात, म्हणजे तो झोपू नये. काहीही ओरडतात. आज पोळ्याच्या पुरणपोळ्या उरल्या आहेत. बैलाचा रंग अजून गेला नाही. आमच्या म्हशीला रेडी झाली. तो दर वेळी हात वर करतो.

मला त्याच्याशी बोलायचं होतं. काय ओरडायचं ते सुचलं नाही. मी उषाबाईंना सांगितलं, त्याला सांगा, सहा सेंटिमीटर आहे अजून.

उषाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग ओरडल्या, "तुही बायको इथंच आहे होऽऽ!"

मी तसं सांगितलं नव्हतं.

त्यानं हात वर केला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

६.३० ४.५५. अंधारून येत आहे. बोटवाल्यांनी मोठा दिवा पुलावर लावला. अनिल रजिस्टर मागतो आहे. देते.

२४ ऑगस्ट

रात्री लिहिलं नाही. पाणी ४.५७ पर्यंत गेलं, असं अनिलच्या अक्षरात लिहिलेलं आहे. मग थांबलं, पण अंधारात लाकडं दिसत नाहीत म्हणून बोट सोडली नाही. पहाटे चारला ४.१०.

सकाळी सहाला ३.६०. सव्वासहाला बोट सोडली. गुलाबभाऊंना घ्यावंच लागलं, खडक कुठं आहेत ते फक्त त्यांना माहीत होतं. सात वाजून दहा मिनिटांनी अंकुशला पायऱ्यांवर उतरवलं. दोर कमरेत इतका रुतला होता की कापावा लागला. दोराला अजून चार गळ होते, एक त्याच्या दंडात. ओठ पांढरे. पाय चालत नव्हते. मी त्याचा चेहरा धरला. त्यानं डोळे उघडले आणि परत मिटले.

डॉक्टर येईपर्यंत केबिनमध्ये झोपवलं. चहा दिला, दोन घोट प्याला.

आठला पटवारी आले, पंचनाम्याचे कागद घेऊन. सगळे केबिनमध्येच उभे होते, गुलाबभाऊ, उषाबाई, अनिल, दारात बोटवाले. पटवाऱ्यांनी अंकुशला विचारलं, तुम्हाला पाण्याची सूचना मिळाली होती का? ग्रुपवर दर तासाला मेसेज जातो ना?

अंकुश भिंतीकडे बघत होता.

"जाते," तो म्हणाला. "पन मी पाह्यलाच नाही. फोन पिशवीत होता. मासे लागून राहिले होते, लक्षच नाही दिलं. चूक माही आहे."

"एकही मेसेज पाहिला नाही?"

"नाही."

गुलाबभाऊंनी तोंड उघडलं. अंकुशनं त्यांच्याकडे बघितलं. गुलाबभाऊंनी तोंड मिटलं आणि गुडघ्यावरची पट्टी सारखी करत बसले.

पटवाऱ्यांनी तसं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. अंकुशला पेन धरता येत नव्हतं, अनिलनं हात धरून सही करवली. खाली दोन साक्षीदार लागत होते. एक अंगठा गुलाबभाऊंचा झाला. मग कागद माझ्याकडे आला. मी सही केली.